हौद्याचा काना

माझ्या हातून उभी राहिलेली पहिली इमारत कुठली, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. सांगलीतले दोन बंगले, एक छापखाना, लोणंदची वखार, पाचगणीच्या एका शाळेचं भोजनगृह, एवढी नावं घेतो. पहिली तेवढी राहून जाते. आमच्या घरात मात्र ती राहत नाही. पाहुणे आले, चहा झाला, की शरयू, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पदर तोंडाला लावून म्हणते, "ती तालमीची गोष्ट सांगा की." आणि मी नाही सांगितली तर ती स्वतः सांगते, तिखटमीठ लावून. त्यापेक्षा मीच लिहून काढतो.

साल सेहेचाळीस. मी वाईचा. पुण्याला ओव्हरसियरची परीक्षा देऊन सांगलीत अण्णांच्या कचेरीत नकाशे काढायला लागलो होतो. अण्णा कचेरीचे मालक. दहा शब्दांचं काम दोन शब्दांत करायचे. माझं उलटं होतं. वय चोवीस, तोंड सदा चालू आणि कान बंद. विलायती मासिकांतली चित्रं पाहून डोकं फिरलेलं. महिरप, नक्षी, कौलं, देवळ्या, सगळ्यांचा मला तिटकारा. भिंत म्हणजे सरळ, छप्पर म्हणजे सपाट, आणि सगळं सिमेंट काँक्रीटचं. मला फक्त एक संधी पाहिजे होती. सबंध जिल्ह्याला नवं बांधकाम म्हणजे काय ते दाखवून देणार होतो.

दसऱ्यानंतर ती संधी पोस्टानं आली. ताकारी स्टेशनापासून चार मैलांवर रेवणवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या हंबीरराव वस्तादांचं पत्र होतं. हे पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि गावच्या पोरांना कुस्ती शिकवायचे. पत्र मला आजही पाठ आहे.

"तालमीची जुनी इमारत गेल्या साली पडली. नवी पक्की बांधणे आहे. सिमेंटचा परवाना मिळाला आहे. मधोमध हौदा पाहिजे. हौदाची लांबी अठरा फूट, रुंदी अठरा फूट, खोली तीन फूट. हौदात एका वेळी पाच जोड्या उतराव्यात. हौदाच्या कडेला वस्तादास बसण्यास जागा असावी. अंगाला वारे लागू नये. पाण्याची सोय शेजारच्या विहिरीवरून होईल. कळावे."

कुस्तीच्या लाल मातीचा जो खड्डा असतो त्याला हौदा म्हणतात. आज हे मी झोपेतही सांगेन. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आमच्या वाईच्या व्यायामशाळेत मलखांब होता, लाठी होती, आणि कुस्तीच्या जागेला आम्ही आखाडा म्हणायचो. हौद म्हणजे पाण्याचा हौद, दुसरं काही असतं हे डोक्यातच नव्हतं. शुद्ध लिहायचं तर वस्तादांनी 'हौद्याची', 'हौद्यात' असं लिहायला हवं होतं. त्यांनी तोंडात येईल तसं 'हौदाची', 'हौदात' लिहिलं. 'हौदा' हा पुरा शब्द पत्रात एकदाच आला होता, आणि तिथला काना मला टाकाचा घसरलेला फटकारा वाटला. मी तो मनातल्या मनात पुसून टाकला.

मग मला जो आनंद झाला तो काय सांगू. खेड्यातली माणसं तालमीत पोहण्याचा हौद बांधायचं म्हणतात! मुंबईच्या बड्या क्लबांत असतो तसा! पत्र पुनःपुन्हा वाचलं, आणि दर वाचनाला ते मला अधिकच शहाणं वाटत गेलं. ओल्या अंगाला वारं लागू नये, बरोबर. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला वस्ताद काठावर बसणार, तेही बरोबर. जोड्याजोड्यांनी उतरायचं म्हणजे एक बुडाला तर दुसरा ओढून काढील, या विचारीपणाला तर मी मनातून नमस्कार केला. तीन फूट खोली तेवढी मला खटकली. तीन फूट पाण्यात म्हैस बसेल, माणूस पोहायचा नाही. मी पाच फूट केली.

अण्णांनी नकाशा पाहिला, पत्र पाहिलं, आणि म्हणाले, "एकदा बघून या."

बघून कसलं येतोय. मी नकाशा पुरा रंगवून, चौकटीत नाव घालून, आखणीच्या दिवशीच गेलो.

रेवणवाडी चढावर बसलेली. खाली कृष्णा, दीड मैलावर. तालमीच्या जागेवर पडक्या भिंतींची ढेकळं आणि एका बाजूला पत्र्याखाली झाकून ठेवलेला लाल मातीचा ढीग होता. तो मला भिंतीतून निघालेला मलबा वाटला. ही माती उचलून टाका, असं मी म्हणालो तेव्हा चारपाच पैलवान पोरांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गावदेव उचलून टाका म्हणालो की काय. मी लक्ष दिलं नाही.

वस्ताद साठीचे. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळू नये अशी अंगलट, कान चुरगळलेले, आवाज मात्र मऊ. त्यांनी मला विचारलं, "पंत, हौदा किती खोल धरलाय?"

"पाच फूट. तुमचे तीन कमी पडतात. वरून पडलं तर पोराला लागेल."

"लागंल की," ते एकदम म्हणाले. "आमचा जुना हौदा तसाच व्हता. दोघांचं खांदं निखळलं त्यात. तुमी जाणकार हाय."

आता यावर कुणाला कसला संशय येणार? त्यांना वाटलं माती जास्त म्हणजे पोरं मऊ पडतील. मला वाटलं पाणी जास्त म्हणजे पोरं तळाला आपटणार नाहीत. आम्ही दोघंही खूश होऊन चहा प्यालो.

वाजलं ते दारावरून. मी दार सात फूट उंच काढलं होतं. वस्ताद म्हणाले, तालमीचं दार ठेंगणं पाहिजे, माणूस वाकल्याशिवाय आत जाता कामा नये. मी तापलो. म्हटलं, नव्या जमान्यात माणसानं ताठ मानेनं आत जावं, वाकायचे दिवस गेले. वस्तादांनी विषय सोडून दिला. त्यांनी आकाराम गवंड्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पंत गेले की वरचे दोन फूट विटांनी बुजवू. हे मला फार पुढे कळलं.

काम सुरू झालं ते घरटी एक माणूस अशा ठरावानं. पुरुषांनी दगड-वाळू आणायची, बायकांनी पाणी. माल कालवायला, भिंतीवर मारायला, सगळं पाणी नदीवरून, डोक्यावर. तालमीला लागूनच वस्तादांची विहीर होती, पण ती मोटेची. पायऱ्या नाहीत, पाणी खोल. मोट चालली की पाणी पाटानं उसाला जायचं. त्या वेळात बायकांनी बैलांच्या पायांतून, चिखलातून काय दोन घागरी भरून घ्यायच्या तेवढ्याच. एरवी नदी. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन, आणि आता तालमीसाठी आणखी दोन.

या बायकांची म्होरकी रंगूबाई, वस्तादांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. आईमागं हंबीररावांना तिनंच वाढवलं होतं, त्यामुळं सबंध गाव ज्यांच्यापुढे खाली मान घालून उभं राही त्या वस्तादांना ती एकटी अरेतुरे करायची. उंच, काटक बाई. माझ्याशी ती चार महिन्यांत चार वाक्यं बोलली नसेल. घागर उतरायची, क्षणभर नकाशाकडं पाहायची आणि निघायची. अक्षरओळख नव्हती, तरी पाहायची. मला ते गमतीचं वाटायचं.

हौदाच्या तळाला काँक्रीट आणि चारी बाजूंना सिमेंटचा गिलावा, असं मी काढलं होतं. परवान्यावर आलेल्या सिमेंटपैकी निम्मं तिथंच गेलं. शेजारच्या खोलीच्या फरशीला ते उरलंच नाही. ती खोली मी कपडे बदलायला आणि दंड-बैठकांना म्हणून काढली होती. तिची भुई मातीचीच राहिली. आकारामानं मला एकदा विचारलं, "सायेब, हौद्याच्या बुडाला सिमीट कशापायी?"

"गळायला नको म्हणून," मी खेकसलो. "पाण्याचा एक थेंब खाली जाता कामा नये."

आकारामानं वस्तादांना जाऊन सांगितलं, की मातीत आपण तेल घालतो, ताक घालतो, ते भुईत मुरून वाया जाऊ नये म्हणून साहेबांनी युक्ती काढलीय. वस्ताद गहिवरले, म्हणे. त्या वेळी कालवलेल्या मालाच्या ढिगापाशी रंगूबाई उभी होती, घागर कमरेवर घेऊन. तिनं माझे शब्द ऐकले आणि आकारामानं त्यांचं काय केलं तेही ऐकलं.

फाल्गुनात गिलावा पुरा झाला. मी लिहून कळवलं, की सिमेंट घट्ट व्हायचं तर हौद काठोकाठ भरून एकवीस दिवस तसाच ठेवा. मी पाडव्याच्या आदल्या दिवशी येतो, तोवर तळाच्या बुचाला हात लावू नका. वस्तादांनी पलटणीतल्या हुकमासारखं ते पाळलं. उसाचा पाट फोडून मोटेचं पाणी हौदात सोडलं. कमी होईल तेवढं रोज सकाळी भरत राहिले.

त्या एकवीस दिवसांत गावातली एकही बाई नदीवर गेली नाही. सुरुवातीचं पाणी सिमेंटचं, उग्र. ते भांड्यांना, धुण्याला वापरलं. पुढं ते बदलून बदलून निवळलं, गोड झालं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, वस्तादांच्याही ध्यानात आलं नाही. बायका घागरी नेतात, त्यात काय बघायचं, असंच कुणालाही वाटलं असतं. बाविसाव्या दिवशी बूच निघणार, हे मात्र घराघरांतून दिवस मोजून माहीत होतं.

पाडव्याच्या आदल्या सकाळी मी रेवणवाडीत उतरलो. इमारत पाहिली आणि माझा मीच खुळावलो. सपाट छप्पर, त्याखाली झडपांची एकसलग पट्टी, तिच्यातून पडणारा उजेड थेट पाण्यावर. हिरवंनिळं, स्तब्ध पाणी. मी इतकं चांगलं काही करू शकतो यावर माझाच विश्वास बसेना. खरं सांगतो, डोळे भरून आले. काठाला मी उडी मारायची फळी काढली होती, तीही आकारामानं बसवली होती. वस्तादांना वाटलं होतं ती त्यांच्या बसण्यासाठी आहे, आणि तिच्यावर घोंगडी अंथरलेली होती.

दाराशेजारी भिंतीत एक दगड बसवला होता. पाथरवटाकडून अक्षरं कोरून आणलेली. 'श्री मारुती प्रसन्न. हा हौदा रेवणवाडी तालमीचा. पाडवा, शके १८६९.' मी वाचलं आणि पाथरवटाच्या शुद्धलेखनावर मनात हसलो.

वाईचा माणूस मी, कृष्णेत पोहून वाढलेला. पहिली उडी माझी, असं मी सांगलीहूनच ठरवून आलो होतो. शेजारच्या खोलीत जाऊन लंगोट लावला, पंचा खांद्यावर टाकला आणि बाहेर आलो. तालमीची वीस-पंचवीस पोरंही लंगोटांवरच उभी होती. मला बघून त्यांनी एकच गिल्ला केला. मला वाटलं, उडी बघायला आतुर झालेत. वस्ताद कौतुकानं पुढं आले, माझ्या काडीसारख्या दंडाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "पंत, तुमास्नी जोड कुणाची लावू?"

मी हसलो. तेवढ्यात बाहेर बैलगाड्या थांबल्याचा आवाज आला. तीन गाड्या लाल माती, मागून ताकाच्या चरव्या, हळदीचं पोतं, तेलाचे डबे. वस्तादांनी एका पोराला हाक मारली आणि बूच काढायला सांगितलं.

"पाणी का सोडताय?" मी विचारलं.

"आवं, माती कशात टाकायची मग?"

"माती? हौदात?"

"हौद्यात न्हाई तर कुठं?"

त्या एका क्षणात ते सगळं पत्र माझ्या डोळ्यांपुढून खालून वर उलटं वाचलं गेलं. जोड्या. निखळलेले खांदे. पत्र्याखालचा तो ढीग. आणि तो काना. सिमेंट मिळवायला त्या काळात माणसं महिनोन्‌महिने खेटे घालायची, आणि माझ्यासारख्या शहाण्यानं ते मातीच्या खड्ड्याच्या बुडाला लावलं होतं. आता हे सांगायचं कसं, या विचारात मी फळीवर उभा होतो, आणि सात फुटी दारातून रंगूबाई आत आली.

तिच्या मागोमाग गावातल्या तीस-चाळीस बायका.

बांधकामाचे दिवस वेगळे, पण पोरं लंगोट लावून उभी असताना तालमीत बाई येत नाही. कधीच नाही. लंगोटावरची पोरं मेंढरांसारखी शेजारच्या खोलीत पळाली. खोलीचं दार त्यांनीच भरून गेलं आणि मला पळायला वाट उरली नाही. पंचा कुठं पडला देव जाणे. मी सरळ हौदात उडी मारली, आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिलो. पुढचं सगळं बोलणं मी तिथूनच ऐकलं.

रंगूबाई काठावर बसली, बुचाच्या वरच. बाकीच्या चारी काठांना बसल्या. डोक्यावरच्या घागरी डोक्यावरच होत्या.

वस्तादांचा आवाज मऊच होता. पण चेहरा लाल झाला होता. "आक्का, ही तालीम हाय. ऊठ."

"तालीम कुठली? पाण्याचा हौद हाय ह्यो." ती माझ्याकडं वळली. "पंत, मारुतीसमोर हायसा. खरं सांगा. हे कशापायी बांधलं?"

गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून माणसाला खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं. मला हौदा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी काना चुकीचा समजलो. मी पोहायचा हौद बांधला. चूक माझी, आकारामाची नाही. हे बोलताना दात वाजत होते, ते गारव्यानं की लाजेनं, सांगता येत नाही. आकाराम भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

वस्ताद बहिणीला म्हणाले, "वरीस झालं, पोरं मातीबिगर हायती. लढाईवरनं आली ती पोरं, आक्का. रात्री दचकून उठत्यात. माती मिळाली की झोपतील, असं मीच त्येंच्या आयांना सांगितलंय."

हे ऐकून मला पाण्यात बुडून जावंसं वाटलं. तालीम म्हणजे अंग कमावणं एवढंच मी धरून चाललो होतो.

रंगूबाईचा चेहरा उतरला, पण ती उठली नाही. म्हणाली, "मला कळतंय रं. माज्या हातानं वाढल्याली पोरं हायती. पण मातीला सिमीट लागत न्हाई, हंबीर. पाण्याला लागतं. आमी हौद मागितला असता तर कुणी दिलं असतं सिमीट? एकवीस दीस झालं, न्हाणीत पाणी हाय, चुलीपाशी पाणी हाय. सयाजीच्या बायकूला सातवा म्हयना हाय, ती एकवीस दीस चढ चढली न्हाई. उद्यापास्नं चढू दे तिला?"

"तुला ठावं व्हतं?" वस्तादांनी विचारलं.

"पंतांनी आकारामाला म्हटलं, थेंब गळाया नगं, तवाच कळलं. गप बसले. तुज्याशी आयुक्शात एकदाच लबाडी केली, ती ही."

चार महिने ती बाई नकाशाकडं का पाहत होती, ते मला तेव्हा उमगलं. माझा नकाशा तिनं एकटीनंच बरोबर वाचला होता, आणि तिला वाचता येत नव्हतं.

वस्ताद बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं रागावून गेले. ते गाडीतून मूठभर माती घेऊन आले, हौदाच्या कोरड्या काठावर ठेवली, ओंजळभर पाणी शिंपडलं आणि बघत उभे राहिले. पाणी मुरायला जागा नव्हती. मातीचा राडा झाला. त्यांनी तो बोटांनी चिवडला, हुंगला. मग शेजारच्या खोलीकडं गेले. आतली पोरं भिंतींना चिकटली. ते भुईवर उकिडवे बसले, नखांनी माती उकरली, आणि त्या उकरलेल्या जागेवर तळहात दाबून ठेवला. तिथली भुई ओलसर होती, खाली काळी, गार.

तिथूनच त्यांनी मला हाक मारली. "पंत, ह्या खोलीचं दार सात फुटाचं कशाला ठेवलंय? साडेचार करा."

काठावरच्या बायकांना पहिल्यांदा काही कळलं नाही. रंगूबाईला कळलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

"आणि पंत, तुमी भायेर या आता. प्यायाचं पाणी हाय ते."

बायका हसत बाहेर पडल्या. आकारामानं मला घोंगडं दिलं, वस्तादांच्या फळीवरचंच.

दुपारभर आम्ही खणलं. 'आम्ही' म्हणतो, कारण पहिली कुदळ वस्तादांनी माझ्या हातात दिली. शिक्षा म्हणून की मान म्हणून, ते मी विचारलं नाही. अठरा बाय अठराचा हौदा त्या खोलीत बसेना. चौदा बाय सोळाचा बसला, तीन फूट खोल. पाच जोड्यांच्या ऐवजी तीन. वस्ताद म्हणाले, पाळीपाळीनं उतरतील. आकारामानं आतल्या दाराचा वरचा भाग विटांनी बुजवून ते साडेचार फुटांवर आणलं. ही दोन दारं शेजारी शेजारी कशी दिसत होती, ते नव्या बांधणीच्या कुठल्याही मासिकात छापण्यासारखं नव्हतं. मला त्या वेळी पहिल्यांदाच मासिकाची आठवण आली नाही.

विहिरीचं मात्र वस्तादांनी कुणी न सांगता केलं. रोज सकाळची पहिली मोट हौदाची, मग उसाची, असं गड्याला सांगून टाकलं. फोडलेला पाट दगडांनी पक्का बांधून घेतला. पुढं पंधरा-वीस वर्षं तो चालला.

सांगलीला परतल्यावर मी अण्णांपुढं उभा राहिलो आणि अथपासून इतिपर्यंत सांगितलं, लंगोटासकट. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "बघून या म्हणालो होतो." एवढंच. तेव्हापासून जागा पाहिल्याशिवाय, आणि त्या जागेवर पाणी कोण भरतं हे विचारल्याशिवाय, मी कागदावर रेघ ओढलेली नाही.

पण हे नंतरचं. पाडव्याच्या सकाळी आतल्या खोलीत माती पडली. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबं मिसळली, आणि पोरांनी पायांनी ती खालीवर केली. त्या वासानं सगळी इमारत भरून गेली. मी वाकून आत गेलो, तरी कपाळ आपटलंच. मारुतीला नारळ फुटला. पहिली जोड लागली तेव्हा त्यातला एक पोरगा, ब्रह्मदेशातून परतलेला नाथाजी, चितपट पडला आणि पडल्या पडल्या हसायला लागला. त्याला मातीतून उठायचंच नव्हतं. वस्ताद बघत राहिले. मी बाहेर आलो, कारण मला रडू येत होतं.

बाहेर रंगूबाई दगडापाशी उभी होती. एका हाताच्या पंजावर ओल्या सिमेंटचा गोळा. काल दार बुजवून उरलेलं मूठभर सिमेंट तिनं आकारामाकडून मागून आताच भिजवलं होतं. तिनं मला जवळ बोलावलं.

"पंत, काल म्हनला नव्हं, एका रेघंचा घोटाळा झाला?"

"हो."

"ह्यातली कुठली रेघ?"

मी दगडावर बोट ठेवलं. हौ, दा. त्या 'दा'चा काना. वितीच्या चौथाईएवढी उभी खाच.

"ही काढली म्हंजी मातीचं पाणी व्हतं?"

"होतं."

तिनं अंगठ्यानं त्या खाचेत सिमेंट भरलं. वरून खाली, सावकाश, कडेचं जास्तीचं पुसून घेत. पाथरवटालाही इतकं सफाईनं जमलं नसतं. मग मला म्हणाली, "वाचा आता."

"हा हौद रेवणवाडी तालमीचा."

"तालमीचा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हंबीरला बरं वाटंल."

तिनं आत जाऊन हात धुतले, घागर भरली, चुंबळीवर चढवली, आणि माझ्या सात फुटी दारातून ताठ मानेनं बाहेर गेली.